गौतमीचे वरचे दोन दात

लताबाई रामटेके हसायच्या खूप, पण तोंड मिटून. जयपूरच्या रेल्वे कॉलनीत त्यांना खळखळून हसताना कोणी पाहिलं असेल, तर त्यानं खुशाल पुढं यावं! नवरा सुखदेव मालगाडीवर गार्ड. मूळचा कामठीचा, नोकरीनं इकडं आणला आणि इथलाच झाला. लताबाईंनी शेजारणींच्या 'लताजी, लताजी'शी जुळवून घेतलं, उन्हाळ्याशी तर जन्मापासूनच ओळख होती. जमलं नाही ते फक्त तोंडातल्या कवळीशी. पन्नाशीच्या आत वरची कवळी! कोणी विचारलं तर म्हणायच्या, "कीड लागली होती."

साफ खोटं. कीड-बीड काही नव्हती. वीस वर्षांच्या होत्या तेव्हा दात पुढं आलेले, एकावर एक चढलेले. लग्न जमेना म्हणून बापानं नागपूरला नेलं आणि वरचे दोन चांगले ठणठणीत दात काढून आणले. त्यानंतर जे तोंडाचं मातेरं सुरू झालं, ते कवळी बसेपर्यंत. बाप मरून गेला तरी लताबाईंच्या मनातला तो राग काही मेला नाही.

आणि पोरीनं, गौतमीनं, नेमके आईचेच दात उचलले. बापाचं नाक घ्यायचं, उंची घ्यायची, पण नाही! वरचा एक सुळा तर ओळीत जागाच न मिळाल्यानं हिरडीवर चढून बसलेला. तिथं ब्रश पोचायचा नाही, हिरडी सुजायची, रक्त यायचं. गौतमी जयपुरातच दुर्गापुऱ्याला एका ऑफिसात कमवायला लागली, तेव्हा तिनं मनावर घेतलं. इंटरनेटवर तिनं पारदर्शक ट्रे पाहिले होते. दातांवर टोपीसारखे बसतात, दिसत नाहीत, जेवताना काढून ठेवायचे, थोड्या थोड्या दिवसांनी पुढचा ट्रे.

"आई, मतलब, तारा नाही लावायच्या. कोणाला समजणार पण नाही."

"दात काढा लागत असन तर मी येत नाही," लताबाईंनी आधीच सांगून टाकलं. तरी गेल्या. आई ती आईच.

बनी पार्कातल्या डॉक्टर भार्गव बाई वयानं तरुण, पण घाई नसलेल्या. त्यांनी गौतमीच्या दातांचे प्लास्टरचे साचे केले, एक्स-रे काढला आणि पुढच्या खेपेला दोघींना समोर बसवून सांगितलं. दाटी आहे म्हणून दात काढावाच लागतो, असं मुळीच नाही. दाटी थोडी असली तर दातांच्या कडा कणभर घासून जागा होते, कधी दातांची ओळ जरा रुंद करून होते. गौतमीच्या खालच्या दातांचं तसंच करता येईल. वरच्यांचं मात्र अवघड होतं. तिथं कमी पडणारी जागा फार होती, आणि ओठ आधीच पुढं. न काढता सगळे ओळीत बसवायला गेलं तर दात आणखी पुढं येतील, ओठ मिटणार नाहीत, मुळं हाडाबाहेर ढकलली जातील. म्हणून वरचे दोन काढायचे. जागा मोठी, ती नुसत्या ट्रेनं नीट भरून येत नाही, तेव्हा आधी काही महिने तार आणि मग ट्रे.

लताबाई ताडकन उठल्या. "चाल वं, पोट्टे."

मग घरात आठवडाभर हाच वाद. गौतमीनं दाताच्या कण्या केल्या, सुखदेवनं समजावलं, पण लताबाईंचं एकच, "काहून काढू देऊ? चांगले दात हायेत!" पोरीनं शेवटी रडून विचारलं, "तू डॉक्टर आहेस का?" तो प्रश्न मात्र त्यांना लागला.

दुसऱ्या दिवशी त्या कोणाला न सांगता एकट्याच बनी पार्कला गेल्या. जाताना वाटभर भांडणाची तयारी. आत गेल्या, बसल्या, आणि त्यांनी कवळी काढून टेबलावर ठेवली. नवऱ्यासमोरही काढत नसत बिचाऱ्या. म्हणाल्या, "देखो. दो दाँत निकाले थे. बाद में ये हुआ."

डॉक्टरीणबाईंनी ना भुवई वर केली, ना तोंड वाकडं केलं. जवळ येऊन नीट पाहिलं आणि विचारलं, "निकालने के बाद तार किसने लगाया था?"

"तार?" लताबाई गोंधळल्या. "तार नहीं लगाया."

आणि मग इतक्या वर्षांनी त्यांना सगळं लख्ख आठवलं. तार लावायची होती! पुढच्या आठवड्यात बोलावलं होतं, बापानं बिडी कारखान्यातून रजासुद्धा मागून ठेवली होती. पण मधल्या दिवसांत सुखदेवची माणसं बघायला आली, पसंत म्हणाली, 'दाताचं लग्नानंतर पाहू' म्हणत साखरपुडा उरकला. साखरपुडा झालेली पोर दवाखान्यात दिसली की लोक म्हणतात हिच्यात काहीतरी खोट आहे, म्हणून आत्यानं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. बाप दारात चपला घालून उभा होता. आत्या म्हणाली आणि तो चपला काढून आत आला.

डॉक्टरीणबाई जपून बोलल्या. तेव्हाचं मी पाहिलेलं नाही, म्हणाल्या, पण बिघडलं ते बहुधा दात काढल्यानं नाही. फट तशीच उघडी राहिली, शेजारचे दात हवे तसे तिच्यात कलले, अन्न अडकत राहिलं, हिरड्या गेल्या. दात काढणं हे अर्धंच काम असतं.

लताबाईंनी कवळी परत बसवली आणि तिथंच, परक्या बाईसमोर, ढसाढसा रडल्या. दात लग्नासाठी काढले होते आणि तार राहिली तीही लग्नासाठीच. आणि शिव्या खात बसला तो बिचारा बाप!

घरी येऊन त्यांनी गौतमीला पहिल्यांदाच खरं काय ते सांगितलं. "काढ दात," म्हणाल्या, "पण अर्धवट सोडशीन तर माही शप्पथ हाये." गौतमीनं आईला घट्ट मिठी मारली. दात निघाले, तार बसली.

आता गंमत पाहा. तार बसून महिना झाला नाही तोच नागपूरहून फोन. दसऱ्याला पाहून गेलेल्या विशालच्या आईचा, द्वारकाबाईंचा. मुलगी पसंत, पण लग्न डिसेंबरातच उरकायचं. विशालची कंपनी त्याला जानेवारीत परदेशी पाठवत होती, जोडीनंच जायचं. म्हणजे दातांचं काम अर्धवटच राहणार. सुखदेवचा चेहरा खुलला आणि लगेच पडला. हात फोनवर दाबून तो कुजबुजला, "हो म्हणू का? चांगलं स्थळ हाये. नाही तर नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं!"

"माही पोरगी नकटी नाही," लताबाई फणकारल्या.

गौतमीला विशाल मनापासून आवडला होता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, "आई, राहू दे. तार काढून टाकू. मतलब, दात काही इतके…" दोन फटींवर आपोआप तिची जीभ फिरत होती, ते लताबाईंना गालावरून दिसत होतं. एका 'नाही'नं पोरीचं आवडतं स्थळ जाईल, ही भीती खरीच होती. तरी त्यांनी सुखदेवच्या हातातून फोन घेतला.

"जयभीम, द्वारकाबाई. लग्न आमाले पायजेच, बापा. पण पोरीच्या दाताचं काम चालू हाये, दोन दात काढले हायेत. थे पूर्ण होईस्तोवर थांबा."

"अवं लताबाई, दाताचं काय घेऊन बसल्या!" पलीकडून हसण्याचा आवाज आला. "थे लग्नानंतर पाहू नं."

"माह्ये बी लग्नानंतरच पाहणार होते," लताबाई म्हणाल्या. "आज माह्या तोंडात कवळी हाये, बाई."

सुखदेव खाली मान घालून उभा राहिला. लग्नानंतर पाहू म्हणणारी माणसं त्याच्याच घरची होती, आणि त्यानंही कधी पाहिलं नव्हतं.

"किती महिने म्हणता?" द्वारकाबाईंनी विचारलं.