हेमचंद्र सबनीसांचं जपानी

आपल्याला जपानी येतं ही थाप हेमचंद्र सबनीसांनी १९९१ साली मारली, ती फक्त बायकोवर छाप पाडण्यासाठी. शारजात नुकतंच बिऱ्हाड मांडलं होतं आणि ते एका जपानी कंत्राटदार कंपनीत पाइपलाइनचे नकाशे काढायचे. "दिवसभर त्यांच्यातच तर असतो," ते छायाला म्हणाले. प्रत्यक्षात त्यांना अकरा शब्द येत होते, आणि त्यातले चार जेवणाचे होते.

थाप चार वर्षं सुखाने नांदली. मग मायदेशी परतणाऱ्या एका जपानी इंजिनिअरने ऑफिसात व्हिडिओ कॅसेट्सचा खोका सोडला. सगळ्या कार्टून फिल्म्स, सगळ्या एकाच दिग्दर्शकाच्या. हेमचंद्रांनी तो खोका मोठ्या कौतुकाने घरी आणला. शुक्रवारी जेवणं झाल्यावर पहिली कॅसेट लागली, आणि आठ वर्षांची ईशानी म्हणाली, "बाबा, व्हॉट आर दे सेइंग?"

छायाने हातातलं विणकाम खाली ठेवलं. "हो, सांगा ना. तुम्हाला येतं की!"

आता माघार कुठली! पडद्यावर समुद्रकाठचं गाव होतं आणि एक मुलगी मोडकी होडी दुरुस्त करत होती. हेमचंद्रांनी घसा खाकरला. "ही शालू. हिला मुंबईला जायचंय. आणि तो काळ्या कोटातला दिसतो ना, तो मुकादम. भयंकर माणूस."

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. घरात ज्यांनी कधी 'एक होता राजा'ही सांगितला नव्हता, ते हेमचंद्र आता दर शुक्रवारी कोचावर बसून पाच-पाच आवाज काढू लागले. धाकटा वेदांग तर मुकादम दिसला की उशी फेकायचा. वरच्या मजल्यावरची बदरुन्निसा आपल्या तीन मुली घेऊन यायची, म्हणून मध्येच सगळं हिंदीतही सांगावं लागायचं. मागच्या शुक्रवारच्या हिंदीशी आजचं हिंदी जुळलं नाही की मुली ओरडायच्या, "अंकल, पिछली बार तो यह उसकी मौसी थी!"

"मौसीच आहे. रुसली होती," हेमचंद्र म्हणायचे.

एक गोष्ट मात्र त्यांनी थापेशिवाय पाहिली होती, ती म्हणजे चित्रं. नकाशे काढणाऱ्याचा डोळा तो. गवतावरून वारा जातो तेव्हा प्रत्येक पातं वेगळं वाकतं, होडीची दोरी ओली झाली की जड दिसते. कुणीतरी बसून हे हाताने काढलंय, या विचाराने ते रिमोट हातात धरून तेच दृश्य पुन्हा पुन्हा पाहत.

१९९८ साली नव्या जपानी साहेबांच्या पत्नी, मोरिताबाई, घरी जेवायला आल्या. त्यांना वरण फार आवडलं. जेवणानंतर ईशानीने मोठ्या आनंदाने होडीवाली फिल्म लावली. हेमचंद्रांना घाम फुटला, पण बाईंना मराठी कुठे कळतंय, या हिशोबावर त्यांनी नेहमीसारखी सुरुवात केली. बाजाराचा प्रसंग आला. "मौसी विचारते, पापलेट कसं दिलं? कोळीण म्हणते, यल्ला, चला लवकर, घ्यायचं तर घ्या!"

मुलं खदखदून हसली. मोरिताबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला.

"बाबा," ईशानी हळूच म्हणाली, "व्हाय इज आंटी क्रायिंग? इट्स जस्ट फिश."

"फिश?" मोरिताबाई गोंधळल्या. "नो फिश. शी इज मदर. हर सन, बोट... नो कम बॅक."

छाया पदर तोंडात कोंबून जी हसायला लागली, ती स्वयंपाकघरात गेली तरी ऐकू येत होती. सगळा उलगडा व्हायला तासभर लागला. शालू ही शालू नव्हती, मौसी ही आई होती आणि मुकादम हा गावचा डॉक्टर निघाला, चांगला देवमाणूस. "आय थ्रू पिलोज ॲट हिम!" म्हणून वेदांग रडकुंडीला आला.

हेमचंद्र मान खाली घालून बसले होते. मोरिताबाईंनी मात्र विचारलं, "युवर स्टोरी, गुड एंडिंग?" मग त्यांनी त्या दिग्दर्शकाबद्दल सांगितलं. तरुणपणी तो दुसऱ्यांनी काढलेल्या दोन चित्रांच्या मधली, हालचाल जोडणारी चित्रं काढायचा, नाव कुठेच नसायचं. आता तो दर फिल्मनंतर निवृत्ती जाहीर करतो आणि वर्षभरात पुन्हा पेन्सिल हातात घेतो. हेमचंद्रांच्या ऑफिसात त्याच महिन्यात ड्रॉइंग बोर्ड काढून संगणक बसवले होते. त्यांना तो म्हातारा एकदम सख्खा वाटला.

दुसऱ्याच आठवड्यापासून ते मोरिताबाईंकडे शिकवणीला जाऊ लागले, चव्वेचाळिसाव्या वर्षी, वहीला कव्हर घालून. बाई कडक होत्या. घरी मुलं धडा विचारायची आणि चुकलं की टाळ्या वाजवायची.

२००२च्या एका शुक्रवारी मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पवर, त्यांच्याच साइटचे वेल्डर आणि फिटर राहायचे तिथे, त्यांनी म्हाताऱ्याची नवी फिल्म नेली. जेवणाच्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं टीव्हीपुढे बसली. आधी कुणी कार्टून म्हणून हसलं. परगावी दिवे दुरुस्त करायला गेलेल्या एका माणसाची गोष्ट होती. हेमचंद्र बाजूला उभे राहून हिंदीत सांगत होते. काही वाक्यं कळत नव्हती, तिथे ते सरळ म्हणत, "यह मुझे समझा नहीं."

मग पडद्यावर त्या माणसाची आई दिसली, जेवणाची भांडी आवरताना. ती हळू बोलली. हेमचंद्रांनी क्षणभर खात्री करून घेतली. "कहती है, बाकी सबके कटोरे मैंने उलटे रख दिए. उसका सीधा ही रखा है."

फोरमन कमरुद्दीन पहिल्या रांगेत मांडी घालून बसला होता. त्याने डोळे न पुसता हात वर केला.

"साहब, थोड़ा पीछे लीजिए," तो म्हणाला. "एक बार और सुनना है."