पॉजच्या आधीची दीपमाळ

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दादाचे रिपोर्ट बाजूला सारले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "उजवा गेलाच आहे. डावा किती दिवस साथ देईल, सांगता येत नाही." दादा माझ्या शेजारीच बसला होता. पण ज्याला दिसत नाही त्याला ऐकूही येत नसणार, असा आपल्याकडे एक समज आहे. काचबिंदू हा मोठा लबाड आजार. कडेकडेने खात येतो आणि मधला तुकडा तेवढा शेवटपर्यंत शिल्लक ठेवतो, त्यामुळे माणसाला वाटत राहतं, दिसतंय की अजून. दादालाही तसंच वाटत राहिलं. ताटातली डावी बाजू त्याला दिसेनाशी झाली आणि कोशिंबीर रोज तशीच राहायला लागली, तेव्हा कुठे आम्ही दवाखाना गाठला.

घरी येताना रिक्षात तो म्हणाला, "ती दीपमाळ एकदा बघायला मिळाली असती, तर बरं झालं असतं."

"कुठली दीपमाळ?" मी विचारलं. उगाच विचारलं. मला माहीत होतं.

दादा माझा थोरला भाऊ. त्याने लग्न केलं नाही. माझे यजमान गेल्यावर मी त्याला कर्वेनगरला माझ्याकडे घेऊन आले, की तो माझी सोबत म्हणून आला, यावर आमचं आजही एकमत नाही. आयुष्यभर त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या, नाटकांचे पडदे रंगवले, गणपतीचे देखावे केले. पण कुणी विचारलं, काय करत होतात, तर तो एकच गोष्ट सांगायचा. आमच्या तरुणपणी एरंडवण्यात एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये टीव्हीच्या मालिका करणारी एक कंपनी होती. त्या कंपनीची खूण म्हणजे दीपमाळ, आणि ती पडद्यावर उजळायची ती दादाने केलेली.

लोगो हा शब्द तेव्हा कुणी वापरत नव्हतं. मोनोग्राम म्हणायचे. आठवड्यातून एकदा मालिका लागायची, सगळी आळी टीव्हीसमोर जमायची, आणि मालिकेच्या नावाआधी सात-आठ सेकंद हा मोनोग्राम यायचा. त्या कंपनीने आपल्या आयुष्यात तीन मोनोग्राम केले. पहिला काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगाने काढलेला, हलतही नव्हता. मागे सतार वाजायची आणि लोक तेवढ्यात पाणी पिऊन यायचे. तिसरा मुंबईहून कॉम्प्युटरवर करून आणलेला, सोनेरी, गरागरा फिरणारा. तो आला आणि दादाची तिथली गरज संपली. मधला तो दादाचा.

तो झाला तेव्हा मी तिथे होते. दादाने गणपतीच्या कारखान्यातून शाडू आणून हातभर उंचीची दीपमाळ केली होती. तिच्या बाहेर काढलेल्या प्रत्येक हाताच्या टोकाला लग्नाच्या रोषणाईतला एकेक बारीक दिवा, त्यांच्या तारा आतून खाली सोडलेल्या, आणि एका जुन्या पाटावर बटणांची रांग. एकेक बटण दाबलं की खालून वर दिवे लागत जायचे. सगळ्यात वरचा दिवा मात्र खरा, तेलवातीचा. तो दादा मागून उदबत्तीने लावणार होता. पाठीमागे निळ्या रंगात बुडवलेलं मांजरपाट आकाश म्हणून टांगलं होतं, आणि मी खाली बसून धुपाचा धूर पुठ्ठ्याने वर ढकलत होते. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि खोकायची बंदी होती. वात पेटली, कॅमेरामन "झालं" म्हणाला, आणि दादा दीपमाळेसमोर तसाच उभा राहिला. इतका खूश झालेला दादा मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

तेव्हा ती दीपमाळ शोधायची, डाव्या डोळ्याने दिसतंय तोवर त्याला दाखवायची, असं मी ठरवलं. मालिकेचे एवढे भाग झाले, आठवड्यामागून आठवडे ती दीपमाळ लागली, अख्ख्या महाराष्ट्राने पाहिली. कुठेतरी सापडेलच, असं मला वाटलं. मी मराठी शाळेत आयुष्य काढलेली बाई, माझा लोकांवर फार विश्वास.

मालिकेत आईचं काम करणाऱ्या बाई आमच्यापासून दोन गल्ल्यांवरच राहतात. आता त्या खरोखरच कुणाच्या तरी पणजी आहेत. त्यांच्याकडे सगळे भाग होते. मुलाने कॅसेटवरून संगणकावर घेतले होते. त्यांनी मोठ्या टीव्हीवर पहिला भाग लावला. पडदा काळा, आणि थेट मालिकेचं नाव. दुसरा भाग, थेट मालिकेचं नाव. तिसराही तसाच. मी विचारलं, "आधीचा मोनोग्राम कुठे गेला?"

"तो कशाला असेल?" बाई म्हणाल्या. "आमचे हे रेकॉर्डिंग करताना पॉजच्या बटणावर बोट ठेवून बसायचे. जाहिराती आणि तुमची ती दीपमाळ संपली, की नेमकं बटण सोडायचे. एक अक्षर फुकट जायचं नाही. बघा ना, काय अचूक आहे!"

खरंच अचूक होतं. आणि मग मला सगळंच आठवलं. तेव्हा प्रत्येक घरात असा एक बोटवाला होता. कॅसेटची इंच न् इंच टेप वाचवायची, नको ते भरायचं नाही, हा आमच्या शहराचा संस्कार. दळण आणताना पिठाची पिशवी झटकून घेणारी माणसं आम्ही, दीपमाळेवर टेप घालवणार आहोत का? आमच्या घरी तर बटणावर बोट दादाचंच असायचं. शेजाऱ्यांनाही त्यानेच शिकवलं होतं, "आमचा मोनोग्राम संपला की सोडा. तो काय, दर आठवड्याला लागतोच." स्वतःचं काम स्वतःच्या बोटाने गाळणारा कलावंत दुसरीकडे कुठे असेल का, मला शंका आहे.

घरी येऊन त्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरोबरच आहे. मालिका बघायची होती लोकांना." त्याला त्यात काही चुकलंसं वाटलं नाही, याचाच मला जास्त राग आला.

मग कंपनीचे मालक गाठले. ते आता येरवड्याला मुलीकडे असतात, कान शाबूत, बुद्धी शाबूत, जिभेची धारही शाबूत. मी मूळ टेपांचं विचारलं.

"अहो, टेपा काय जपून ठेवायच्या असतात?" ते म्हणाले. "एक मालिका संपली की तीच टेप पुसून तिच्यावर दुसरी. सगळेच तसं करायचे. जे थोडे भाग राहिले, त्यांच्या तोंडाशी मी नवा मोनोग्राम चढवून घेतला. कंपनीला चेहरा एक असावा, तीन नसावेत."

"म्हणजे दादाचा कुठेच नाही?"

"नसावा. बंधूंचं काम तसं बरं होतं, पण घरगुती." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, "थांबा, नवा आहे माझ्याकडे," म्हणत त्यांनी तिथल्या तिथे मला व्हॉट्सॲपवर सोनेरी दीपमाळ पाठवली. वर्ख लावलेली कुल्फी फिरावी तशी ती माझ्या फोनवर फिरत राहिली. घरी दादाने विचारलं, "काय आलं गं?" मी म्हटलं, "कुणाचं तरी गुड मॉर्निंग."

नंतरचे दोन-तीन महिने मी भिकाऱ्यासारखी दारोदार फिरले. नातेवाईक, शाळेतल्या जुन्या बाया, सोसायटीचे ग्रुप. लोकांनी माळ्यावरच्या कॅसेटी काढून दिल्या, बहुतेक टाकून द्यायला माझं निमित्त मिळालं म्हणून. हडपसरला एक मनुष्य जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देतो. दोन बस बदलून मी पिशव्या घेऊन त्याच्याकडे जायचे. तो कॅसेट उजेडात धरायचा आणि म्हणायचा, "ह्याला बुरशी हाय, मॅडम. मशीनचं हेड खराब होतंय आमचं." तरी लावायचा. प्रत्येक कॅसेटमध्ये तेच. पडदा काळा, आणि थेट मालिकेचं नाव. अख्खं पुणं कसं एका बोटाने वागलं होतं! कुणाचा तरी हात जरा आधी सुटला असेल, कुणाचं तरी लक्ष नसेल, एवढीच माझी आशा उरली होती. पण नाही. सगळे लक्ष देऊन बसलेले.

इकडे दादाचा डावा डोळा आक्रसत चालला होता. मोठ्या टीव्हीवर त्याला बातम्या देणाऱ्या बाईचं नाक दिसायचं तर डोळे दिसायचे नाहीत. संध्याकाळी मी आले की तो विचारायचा नाही, नुसता माझ्याकडे तोंड करून बसायचा. मी "नाही" म्हणायचे. मग तो स्वतःच ती दीपमाळ सांगायला लागायचा. आधी निळं आकाश, मग ते हळूहळू काळवंडत जायचं, धुक्यातून एकेक दिवा वर चढायचा, आणि शेवटची ज्योत अशी उमलायची की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. मला आकाश काळवंडल्याचं आठवत नव्हतं. पण मी धुरात होते, माझे डोळे चुरचुरत होते, तेव्हा झालंही असेल काळं, असं मी धरून चालले.

सापडली ती आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंकडच्या कॅसेटमध्ये. वर लेबल होतं मुलाच्या मुंजीचं. हडपसरच्या त्या माणसाने कंटाळून ती पुढे पळवली. मातृभोजन, भिक्षावळ, पंगत, मग सगळं संपून पडद्यावर नुसत्या मुंग्या. आणि मुंग्यांनंतर अचानक एक दिवा लागला. मग त्याच्या वर दुसरा. मी दुकानात मोठ्याने ओरडले. काकूंना नंतर विचारलं तेव्हा उलगडा झाला. त्या आठवड्यात त्यांच्याकडचे सगळे लग्नाला सांगलीला गेले होते आणि व्हीसीआर टायमरवर लावून गेले होते. बटणावर बोट ठेवायला घरात कुणी नव्हतं, म्हणून तेवढं राहिलं. पुढे त्याच कॅसेटवर मुंज उतरवली, ती दीपमाळेच्या जरासं आधी संपली.

दुकानात मी ते एकदाच पाहिलं, तेही पाण्याने डबडबलेल्या डोळ्यांनी. फोनवर घेतलं आणि बसमध्ये फोन पर्समध्ये, पर्स छातीशी धरून घरी आले.

फोनच हवा होता. मोठ्या पडद्यावर दादाला तुकडाच दिसला असता, फोन जरा लांब धरला की सगळं चित्र त्याच्या उरलेल्या नजरेत मावायचं. मी त्याला खिडकीपाशी उजेडाला पाठ करून बसवलं, हातात फोन दिला, अंतर जुळवलं. "दिसतंय का?" "दिसतंय." मी चालू केलं.

सतार वाजली. दिवे खालून वर लागत गेले, एकदा मधला दिवा चुकून खालच्याच्या आधी लागला. धूर दीपमाळेच्या एका बाजूने उतू गेलेल्या दुधासारखा सरकला. वरची वात पेटताना दीपमाळ लटकन हलली आणि मागे दादाच्या कोपराची सावली पडली. मागचं आकाश पहिल्यापासून शेवटपर्यंत निळं होतं, आणि त्याला मधोमध एक आडवी चुणी होती.

"परत लाव," दादा म्हणाला. मी लावलं. "परत." पुन्हा लावलं. मग त्याने फोन मांडीवर ठेवला.

"एवढंच होतं होय?"

मी घाईघाईने म्हणाले, "अरे, कॅसेट जुनी, बुरशी लागलेली, त्यावरून काढलेलं. मूळ किती छान असेल."

"चुणी बुरशीने पडत नाही," दादा म्हणाला.

माझी भाची आयटीत आहे. तिने फोनवर सांगितलं, आता असलं सगळं स्वच्छ करता येतं, आकाशसुद्धा बदलून मिळेल. दादाने हात हलवून नको म्हटलं. मलाही ते नको होतं. माझा खरं तर दुकानातच हिरमोड झाला होता, पण शोधण्याच्या धुंदीत मी ते कबूल केलं नव्हतं. इतकी वर्षं आम्ही दोघांनी मनात धरून ठेवलेली वस्तू शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या देखाव्याएवढीच होती.

त्यानंतर त्याने दीपमाळेचं नाव काढलं नाही. कुणी आलं आणि विचारलं, काय करत होतात, तर "पाट्या रंगवायचो" म्हणायला लागला. डावा डोळा दिवाळीच्या आसपास गेला. डॉक्टर म्हणाले, अपेक्षेपेक्षा टिकला.

परवा दुपारी मी त्याला पेपर वाचून दाखवत होते. वाचता वाचता त्याला झोप लागलीय का, बघायला थांबले. तो जागा होता.

"तुला एक सांगू?" तो म्हणाला. "डोळे मिटले की मला ती दिसायची. आकाश, धुकं, ती ज्योत, सगळं. इतकी वर्षं दिसायची. आंधळा झालो तरी ती राहील, असं मी धरून चाललो होतो. त्यावरच निभणार होतं माझं. आता डोळे मिटले काय नि उघडले काय, ती चुणी दिसते. आणि आता दुसरं काही बघून ती पुसताही येत नाही."

ती चुणी शोधून आणून त्याच्या हातात मीच दिली होती.