टोपीचं माप

आमच्या शेजारची मंजुळाबाई विणकाम शिकली ती उसवून. नवऱ्याचा स्वेटर कोपरावर फाटला म्हणून दुरुस्तीला बसली, एक टोक ओढलं आणि अख्खी बाही हातात आली. मग घाबरून जायच्या ऐवजी बाई ओळीमागून ओळ उसवत गेली, टाका कुठून आला नि कुठं गेला ते बघत. सायकलीच्या चाकाच्या तारा घासून सुया केल्या आणि बाही परत जागेवर आणली.

टाक्यांची पुस्तकातली नावं तिला कुणी सांगितलीच नाहीत. तिनं आपली ठेवली. सपाट, गप बसणारा टाका सासरचा. फुगून वर येणारा माहेरचा. मोज्याच्या काठाला दोन सासरी, दोन माहेरी. स्वेटरच्या पोटाला समोरून बघावं तर सगळे सासरीच.

"आन हातमोज्याचा अंगठा?" मी विचारलं.

"तिथले टाके बाजूला काढून ठिवायचे अक्का. माहेरी बसविलेल्या पोरीवानी. त्यांचं नंतर बघायचं."

मीही शिकायला बसले होते. माझा मोजा बैलाच्या मुसक्यासारखा झाला. तिनं तो हातात फिरवून बघितला आणि म्हणाली, "अक्का, तुमी आपला चहाच करा."

दिवाळी झाली की आमच्या गावातली निम्मी घरं ऊस तोडायला जातात. उसाच्या फडाजवळ वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पाल्याच्या कोप्या, झोपड्याच त्या, त्यांना दार नाही. पहाटं दव पडतं, आणि बाया अंधारातच कोयता घेऊन निघतात. लेकरं मागं गोधडीत. म्हणून निघणाऱ्या प्रत्येक लेकराला मंजुळाबाईची कानटोपी ठरलेली.

मागच्या साली तिची स्वतःचीच लेक निघाली, करिष्मा. पदरात नुकती झालेली सायली. आमच्यात नव्या बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुन्याचं लावतात. मंजुळाबाईनं नवऱ्याचा तोच स्वेटर उसवला आणि त्याची टोपी केली. नवरा तर कधीच गेला होता. "आजा डोक्यावर बसला बघ," असं म्हणून नातीच्या कानावर ओढली.

"पोरीला माझ्यापाशी ठिव," ती करिष्माला म्हणाली.

"आन पाजनार कोन? तू?"

"बकरी हाय की."

"म्हंजी मी बकरीपेक्षाबी गेले का?"

दोघी हसल्या. गाडी हलली तेव्हा मंजुळाबाई मागं पळत ओरडली, "डोकं वाढंल तिचं! माप पाठव! फोनवर वीत सांगू नको, तुजी वीत येगळी, माजी येगळी. डोक्याभवती बांधून दोरा पाठव!"

पहिला दोरा राधाकिशननं आणला. आमच्याच गावचा, उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर. मंजुळाबाईनं हळदीसारखी पिवळी लोकर काढली. दोन बोटं आवळ विणली. मी म्हटलं, "गळा आवळतीस का डोकं?" तर म्हणाली, "लोकर ताणती अक्का. मापानं विणली तर डोळ्यावर येती." करिष्माला हे ठाऊक नव्हतं. ती सुयांजवळ कधी बसलीच नाही.

टोपी गेली. त्यानंतर फोनवर सायली कायम निजलेली. सकाळी निजलेली, सांजेला निजलेली.

"लई निजती गं," मंजुळाबाई म्हणायची.

"हं," तिकडून यायचं.

संक्रांत झाली आणि राधाकिशन दुसरा दोरा घेऊन आला. एरवी बशीवर बशी चहा पिणारा माणूस, दारातच उभा राहिला. मंजुळाबाईनं देवाजवळच्या खिळ्याचा जुना दोरा काढला आणि नव्याला लावला.

नवा दोन बोटं आखूड निघाला.

"वढून बांधला आसंल," मी म्हणाले.

ती गाठ बघत होती. गाठीत पिवळ्या लोकरीचा बारीक तंतू अडकला होता.

"अक्का, ह्यो दोरा डोक्याचा न्हाई. टोपीचा हाय."

"बरं मग? पोरगी निजली आसंल, म्हणून टोपीवरनं घेतला."

"निजल्याल्या लेकराचंच माप घेत्यात. जागं लेकरू धरू देतं का? टोपीत डोकं आसतं तर ती ताणली आसती." तिनं दाराकडं बघितलं. "राधाकिशन, कवा?"

तो चपलांकडं बघत राहिला. "काकू, तिनं शपत घातलीया... छातीत थंडी भरली. दवाखान्यात नेईस्तोवर..."

मला वाटलं आता ही ऊर बडवील. तिनं दोन्ही दोरे एकत्र गुंडाळले.

"मला कळलंय हे तिला सांगू नको. हातात कोयता हाय तिच्या. हंगाम सरून पट्टा पडेस्तोवर तिला तितंच राहायचंय."

आणि विणायला बसली. त्या आखूड दोऱ्यावर, लाल लोकरीची टोपी. मी म्हटलं, "मंजुळे, कुणासाठी?" तर म्हणाली, "तिनं माप पाठविलंय न्हवं." टोपी राधाकिशनबरोबर गेली. पुढच्या फोनला मी शेजारीच बसले होते.

"बसली का गं?"

"बसली आई. नीट बसली."

"कानावर येती का?"

"येती."

बोलणं संपलं. फोन मात्र कुणी ठेवेना.

पट्टा पडला, कारखाना बंद झाला, माणसं उन्हाच्या दिवसांत परत आली. करिष्मा गाडीतून उतरली आणि आईकडं बघितल्या बघितल्या तिला कळलं, आईला सगळं ठाऊक आहे. भांड्यांच्या बोचक्यातून तिनं लाल टोपी काढून दिली. स्वेटरवाली सायलीबरोबरच गेली होती, पिवळी तिनं दिली नाही.

मंजुळाबाईनं लाल टोपीचं टोक शोधलं आणि ओढायला घेतलं.

"उसवू नको," करिष्मा म्हणाली.

"पुढं व्हईल एखांदं. पयल्या अंगाला जुनी लोकर लागती."

"ही जुनी न्हाई आई. ही कुनी घातलीच न्हाई."

मंजुळाबाईचा हात थांबला. टोपी तिनं तशीच जवळ ठेवली.

यंदाही दिवाळी झाली, गाड्या भरल्या. करिष्माही गेली. आमच्या सुनेनं मला दोनदा विचारलं, आत्याबाई, लेकराच्या टोपीचं शेजारी सांगता का? थंडी तर लई हाय. मी चहा घेऊन जाते रोज. सुया तेव्हापासून देवाजवळच्या खिळ्याला आहेत, दोऱ्यांच्या शेजारी. चहा पिऊन होतो, टोपीचं विचारायचं राहतं, आणि मी रिकामा कप घेऊन परत येते.