हेफ्झिबाकाकूंच्या खानावळीतली विधानसभा

अमेरिका अजून इंग्लंडच्या राजाची होती तेव्हाची ही गोष्ट. बंदराच्या शहरात देवीची साथ आली आणि आमच्या वसाहतीची विधानसभा जीव मुठीत धरून पळाली ती थेट आमच्या गावात, हेफ्झिबाकाकू क्राउल यांच्या खानावळीत. प्रार्थनाघर मोठं होतं, पण तिथे ना शेकोटी ना रम. अशा ठिकाणी देशसेवा कशी होणार?

काकू विधवा, हाडापेराने मजबूत, तोंडाने फटकळ. मागच्या साथीत मुलगा आणि सून दोघंही गेली. मागे राहिली नात टॅम्सन, पाच वर्षांची. काकूंचा सगळा जीव त्या पोरीत. तिला देवी टोचून घ्यायची, म्हणजे हलक्या तापावर निभावेल, एवढंच त्यांना हवं होतं. पण सभेच्या परवानगीशिवाय टोचायची नाही, असा सभेचाच कायदा.

"बरं झालं, कायदाच जेवायला आला," काकू मला म्हणाल्या आणि त्यांनी अर्ज दिला.

रोग मरावा म्हणून बाहेरून आलेला प्रत्येक कागद चिमट्यात धरून धुरावर शेकायचा, मगच वाचायचा, अशी तेव्हाची रीत. काकूंचा अर्ज त्याच घरातल्या स्वयंपाकघरातून आलेला, तरी शेकला. सभापती थ्रॅशरसाहेबांनी तो इतका मन लावून शेकला की जळून गेला.

"पुन्हा लिहा, बाई," नाकाशी व्हिनेगरचा बोळा धरून ते म्हणाले.

दुसरा अर्ज जळला नाही, नुसता पडून राहिला. निम्मे सभासद असल्याशिवाय कामकाज होत नसे. सभापतीसाहेब सोडले तर ज्यांना देवी येऊन गेल्या होत्या तेवढेच यायचे, बाकीचे घरी बसून देशाची काळजी करायचे.

मग शेजारच्या गिरणीवाल्याच्या दाराला लाल फडकं लागलं. देवीच्या घराची ती खूण. ते लागलं की आतल्याने बाहेर पडायचं नाही.

"साहेब, गिरणीपर्यंत आलंय. आज तरी वाचा," काकू म्हणाल्या.

"माणसं कमी पडतायत, बाई. नियम म्हणजे नियम."

"आणि रम ढोसायला बरी पुरतात?"

"तो सभेबाहेरचा विषय आहे."

त्याच संध्याकाळी काकूंनी मागच्या दाराने डॉक्टर आणला.

पुढच्या आठवड्यात चमत्कार झाला. सभासदांच्या प्रवासभत्त्याचा ठराव यायचा होता, तर घरी बसलेले सगळे घोड्यांवरून हजर! ठराव एकमताने मंजूर. काकूंनी अर्ज पुढे केला.

"पुढच्या बैठकीत बघू," म्हणत साहेबांनी टोपी उचलली.

काकू आत गेल्या. सकाळीच टॅम्सनच्या अंगावर फोड दिसले होते. बाहेर येऊन त्यांनी आपला लाल परकर दाराला बांधला.

मी गावचा पहारेकरी. मला देवी येऊन गेलेल्या, म्हणून लाल फडक्याच्या घरांवर पहारा द्यायचं काम माझ्याच गळ्यात. काठी आडवी धरून मी उंबऱ्यावर उभा राहिलो.

"मूर्खा, बाजूला हो! मी सभापती आहे!"

"कायदा तुमचाच आहे, साहेब. फार कडक केलायत."

एकजण खिडकीतून निघाला आणि पोटापाशी अडकला. त्याला मी हलकेच आत ढकलला. असा आनंद मला पहारेकरीपणात पुन्हा मिळाला नाही.

आता गणपूर्ती होती आणि पळून जायला वाव नव्हता. टोचायला परवानगी देणारा कायदा जेवण निवायच्या आत मंजूर झाला. डॉक्टर आला. देवीचा एकही वण नसलेल्या, कोऱ्या चेहऱ्याच्या सभासदांनी बाह्या वर करून रांग लावली. पहिला नंबर थ्रॅशरसाहेबांचा.

टॅम्सनचा ताप उतरला. फोड मोजकेच आले आणि सुकले. काकू चुलीपाशी बसून ढसाढसा रडल्या, आणि खरं सांगतो, मीही रडलो.

फडकं निघायच्या आदल्या दिवशी सभेने शेवटचा ठराव केला, तोही एकमताने. परवानगी नसताना मुलीला टोचून सभेचा अवमान केला, म्हणून हेफ्झिबा क्राउल यांना भर सभेत उभं करून समज द्यावी.

काकू टॅम्सनला कडेवर घेऊन उभ्या राहिल्या. साहेब समजपत्र वाचू लागले आणि मध्येच थांबून दंड करकरा खाजवू लागले.

"खाजवू नका, साहेब, वण राहील," काकू म्हणाल्या. "आणि उरका लवकर. पोरीला भूक लागलीय."