डावऱ्याचे ग्लोव्हज

रिंगमध्ये चढण्याआधी डावऱ्याला जांभई यायची. समोरचा गडी उड्या मारून अंग गरम करत असायचा आणि हा दोरीला टेकून अख्खा जबडा उघडायचा. घंटा वाजली की दोन्ही हात कमरेपाशी सोडून, कोपऱ्यावर पान खायला निघाल्यासारखा तो पुढे जायचा. समोरच्याचा ठोसा त्याच्या कानाजवळून निघून जायचा आणि याचा डावा हात कधी येऊन गेला, ते पंचांनाही कळायचं नाही. "हात वर!" आमचे सर घसा बसेपर्यंत ओरडायचे. हात काही वर जायचे नाहीत. मी त्याचा सरावातला जोडीदार, म्हणजे बॅग रिकामी नसली की माझा नंबर. माझं नाक आजही जरा वाकडं आहे, ती त्याचीच कृपा.

सर आम्हाला रोज पहाटे औसा रोडला पळायला पाठवायचे. डावऱ्या पहिल्या वळणापर्यंत सोबत असायचा. परतताना आमचा जीव घशाशी आलेला असायचा आणि शेजारून जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून हा हात हलवायचा. हॉलच्या अलीकडे उतरून नळाखाली मान धरली, की झाला घामाघूम! "पळायला यष्टी हाय की," म्हणायचा, "आपलं काम मारायचं." सरांना हे कळत नव्हतं असं नाही. पण संध्याकाळी तो रिंगमध्ये उतरला की त्यांचा राग पातळ व्हायचा. राग तरी कोण धरणार? अख्ख्या लातूरला त्याचं वेड होतं, आणि त्या वेडानंच त्याचं वाटोळं केलं असं मला वाटतं.

तो राज्यात पहिला आला तेव्हा सरांनी त्याला लाल रंगाचे कोरे ग्लोव्हज दिले. स्पर्धेत ग्लोव्हज आयोजकांचे असतात. हे होते सरावासाठी. पुढची निवड चाचणी नांदेडला होती. तीत जिंकला असता तर तो देशपातळीवर खेळला असता. नेमकं आदल्या दिवशी निलंग्याला मावसभावाचं लग्न. सर नको नको म्हणत असताना हा गेला आणि पंगतीला बसला. सकाळी नांदेडला वजनकाट्यावर उभा राहिला, तर त्याच्या गटाच्या वजनाबाहेर. एक ठोसा न मारता बाद. सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "लोकांनी मायेनं वाढल्यावर ताटावरून उठायचं कसं, सर?" डावऱ्या म्हणाला. त्याला ते खरंच कळत नव्हतं. माया बुंदीची असो की बाटलीची, त्याला नाही म्हणता यायचं नाही. पुढं बुंदी राहिली बाजूला, बाटली सुटली नाही. गेल्या उन्हाळ्यात तिनंच त्याला नेलं.

आता चहाच्या टपरीवर रोज दोन तट पडतात. एक म्हणतो, "असा बॉक्सर मराठवाड्यात पुन्हा होणार न्हाई." दुसरा म्हणतो, "होऊच नये. बायको-लेकराची माती केली त्यानं." मला दोन्ही पटतं आणि मी चहा अर्धा टाकून उठतो. कारण आता हॉल मी चालवतो आणि त्याची मुलगी शीतल माझ्याकडे शिकते. तीही डावरी. तीच नजर, तेच कमरेपाशी सोडलेले हात. पळायला जा म्हटलं की म्हणते, "काका, पप्पा कुठं पळायचे?" बापाच्या गोष्टी सांगून सांगून गावानं तिला हे शिकवलंय. ही पोरगी त्याच वाटेनं जाईल, या धास्तीनं मला अन्न गोड लागत नाही.

खंडेनवमीला आम्ही हॉलमध्ये ग्लोव्हज, दोऱ्या, बॅगा मांडून पूजा करतो. यंदा सुरेखावहिनी, डावऱ्याची बायको, ते लाल ग्लोव्हज घेऊन आल्या. पोरांनी लगेच मधोमध जागा केली. सर आता काठी टेकत येतात. त्यांनी ग्लोव्हज उचलून उलटेसुलटे पाहिले. कातडं तुकतुकीत, शिवण जशीच्या तशी. शेजारी आमचे, फाटून चिकटपट्टीनं गुंडाळलेले.

"पूजा वापरल्या हत्याराची असते," सर म्हणाले. "हे तर दुकानातून आणल्यावानी हायत."

शीतलनं मान खाली घातली. मला सरांचा संताप आला. गेलेल्या माणसाला बोलायचं, तेही लेकीसमोर! पण त्यात खोटं काय होतं?

"सर बरोबर बोलायलेत," वहिनी म्हणाल्या. त्यांनी सरांच्या हातातून ग्लोव्हज घेतले आणि शीतलच्या हातात दिले. "आधी झिजव. मग पुढच्या वर्षी ठेव पूजेला."

दसरा झाला आणि सराव सुरू झाला. शीतल ते ग्लोव्हज घालून बॅगेसमोर उभी राहिली. हात कमरेपाशी. डावा हात सुटला आणि बॅग कण्हली. पुन्हा सुटला. ते इतकं सुंदर होतं की तिला टोकायचं मी विसरूनच गेलो.

"हात वर, डावऱ्या!"

सर खुर्चीतून ओरडले होते. बापाचं नाव तोंडून गेलंय, हे त्यांच्या ध्यानात आलं. शीतल थांबली. तिनं सरांकडे पाहिलं आणि दोन्ही हात गालापर्यंत वर घेतले. डावऱ्यानं ते जन्मात कधी घेतले नव्हते.

मी मात्र ते किती वेळ वर राहतात, तेच बघत राहिलो.