अक्कांनी परत आणलेला हिशेब

सकाळी क्लासचं कुलूप काढत होते, तोच आत फोन वाजायला लागला. सिंधूअक्कांची मुलगी मीना होती, जळगावहून. "ताई, अक्का गेली..." आधी एवढंच बोलली. मग म्हणाली, "देवपूजा झाली, चहा झाला, खुर्चीत बसली ती बसलीच." मी धुळ्याच्या स्टँडवर जाऊन मिळेल ती एसटी पकडली. पारोळा, एरंडोल... दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. डोळे भरून येत होते, पण मधेच हसूही येत होतं. शेजारच्या बाईंनी दोनदा वळून पाहिलं. आज महिना उलटून गेला तरी अक्का आठवल्या की पहिलं येतं ते हसूच.

सिंधूअक्का मूळच्या रावेरकडच्या, केळीवाल्या घरातल्या. शिक्षण सातवीपर्यंत. त्यांचे यजमान, नाना, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. जळगावात मेहरूणला त्यांनी छोटं घर बांधलं होतं. नानांना यंत्रांचं भारी वेड. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी संगणक घेतला, तेव्हा गल्लीत तो बघायला माणसं येत. घरखर्चाचा हिशेब ठेवायचा एक प्रोग्रॅम त्यांनी कुठून तरी मिळवला होता. दर शनिवारी अक्का बिलं आणि पावत्या वाचून दाखवत आणि नाना ते टाइप करत. शेवटी सगळ्याची नक्कल पाच फ्लॉप्यांवर घ्यायची. पडद्यावर आकडा आला की अक्का त्या नंबराची फ्लॉपी आत सरकवत. त्यांना वाटे, पापड लाटण्यासारखंच आहे, एकानं लाटायचं, एकानं उचलायचं.

मी हे सगळं नंतर ऐकलं. माझी त्यांची पहिली भेट धुळ्यात झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, गल्ली नंबर पाचमध्ये चार संगणकांचा क्लास चालवत होते. एका दुपारी नऊवारीतल्या, कपाळावर मोठं कुंकू लावलेल्या एक बाई दारात उभ्या राहिल्या. हातात कापडी पिशवी.

"पोरी, मास्तर कोन आहे इथं?"

"मीच."

त्यांनी मला खालीवर पाहिलं आणि पिशवीतून रुमालात बांधलेल्या पाच फ्लॉप्या टेबलावर ठेवल्या. "मंग हे परत भरून दे मले."

हकीकत अशी होती. नानांना आठ दिवसांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. मुलगी मीना धुळ्यात, म्हणून तिथल्या दवाखान्यात आणलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरांनी सांगितलं की डोक्यात रक्ताची गाठ आहे, नाशिकला नेऊन ऑपरेशन करा, येत्या आठवड्याच्या आत. त्यासाठी लागणारा पैसा नानांनी साठवलेला होता, पण निरनिराळ्या पतपेढ्यांत, अकरा ठेवींमध्ये. गल्लीत एकदा चोरी झाल्यापासून नाना एकेक पावती वेगळ्या जागी लपवत, आणि कुठली पावती कुठे आहे ते फक्त संगणकात लिहून ठेवत. पावतीशिवाय ठेव मोडायची तर अर्ज, जामीन, संचालकांची बैठक... त्यात महिना तरी जाणार. आणि नाना आजारी पडले त्याच आठवड्यात गेलेली वीज दणक्यानं आली आणि घरचा संगणक बसला. मेकॅनिक म्हणाला, आतलं सगळं गेलं.

"गेलं कसं?" अक्का मला म्हणाल्या. "ह्या पाचांत आहे ना!"

मी पहिली फ्लॉपी घातली. दुसरी घातली. तिसरीवर यंत्र घरघरलं आणि पडद्यावर वाचता येत नाही म्हणून इंग्रजी ओळ आली. पुसून पाहिली, दुसऱ्या संगणकावर पाहिली, दहा वेळा पाहिली. या बाईंना काय सांगायचं?

सांगितलं. अक्कांनी फ्लॉप्या पुन्हा रुमालात बांधल्या. मग म्हणाल्या, "दुसरा जोड हाये."

"दुसरा?"

"आमच्या घरी बियानं कधी एका मडक्यात ठेवत नाईत. एक घरात, एक मळ्यात. मी ह्यांना म्हटलं, महिन्यातून एकदा माह्यासाठी बी काढा. हसले लई, पन काढून दिलं. पापडाच्या डब्यात ठेवलंय. तिथं दमट हवा जात नाई."

त्याच पावली त्या स्टँडवर गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता, क्लासमध्ये सहा मुलं-मुली बसलेली असताना, अक्का परत दारात. या वेळी स्टीलचा डबा हातात होता आणि त्याला उडदाच्या पापडाचा वास येत होता.

एक. दोन. तीन... तिसरीला सगळा क्लास श्वास रोखून होता. दिवा लागला, यंत्र गुरगुरलं आणि पुढे गेलं. चार. पाच. मग नानांचा सगळा संसार त्या निळ्या पडद्यावर उलगडला. मागे बसलेला माझा एक विद्यार्थी, शिरपूरकडचा, न राहवून ओरडला, "बठ्ठं मिळनं, आजी! बठ्ठं, सगळं मिळनं!"

अक्कांना इंग्रजी येत नव्हतं. मी वाचत गेले. नानांनी इंग्रजी अक्षरांत मराठीच लिहिलं होतं. पंचांगांच्या गठ्ठ्यात. सासरेबुवांच्या फोटोमागे. शिवणयंत्राच्या खणात. आणि एके ठिकाणी, सिंधूच्या शालूची तिसरी घडी. अक्का पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "बाई बाई! दोन दिवाळ्या झाल्या, मी तो शालू नेसले नाई म्हनून बरं!"

मोजल्या तर दहा भरल्या. अकरावी ठेव सगळ्यात मोठी, आणि ती मागच्याच महिन्यातली, म्हणजे ही नक्कल काढल्यानंतरची. तिची नोंद त्या न वाचता येणाऱ्या तिसऱ्या फ्लॉपीबरोबर गेली होती.

मी त्यांच्यासोबत दवाखान्यात गेले. नाना डोळे उघडे ठेवून पडले होते. कुणाला ओळखतात की नाही, सांगता येत नव्हतं. आठ दिवसांत कुणाच्याच प्रश्नाला त्यांनी दाद दिली नव्हती. अक्का पलंगाच्या कडेला बसल्या आणि मी मराठीत उतरवून दिलेला कागद नेहमीच्या शनिवारसारखं, खणखणीत आवाजात वाचू लागल्या. वीजबिल. दूध. मीनाला पाठवलेली साडी. एकेक नोंद, जणू ते समोर बसून टाइप करत आहेत. दहाही पावत्यांच्या जागा वाचल्या. मग थांबल्या. "आता अकरावी. बोला. कोठी ठेवली?"

नानांचा डावा हात चादरीवरून हळूहळू उचलला गेला. वर गेला आणि डोक्यावर टेकला. एकदा, दोनदा.

"डोकं दुखत असेल," नर्स म्हणाली.

अक्का ताडकन उठल्या. "डोकं काय दुखतंय! टोपी! मामंजींची टोपी! पेटीत हाये ती!"

आणि नाना रडले. तोंडाच्या एका बाजूनं हसत, दोन्ही डोळ्यांनी रडले. मी पाहिलं. यंत्रातला हिशेब तर परत आलाच होता, पण त्या खाटेवर माणूस परत आलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. अक्का त्यांचा चेहरा ओंजळीत धरून एकच म्हणत होत्या, "आत हायेत. माहे नाना आत हायेत."

मीनानं त्याच संध्याकाळी जळगाव गाठलं. टोपीच्या अस्तरात घडी केलेली पावती होती. तीन दिवसांत अकराही ठेवी मोडल्या, पाचव्या दिवशी नाशिकला ऑपरेशन झालं. चार महिन्यांनी नाना काठी टेकत मेहरूणच्या तलावाभोवती अर्धी फेरी मारू लागले.

अक्का पुढे दर महिन्याला धुळ्याला येत आणि माझ्या क्लासमध्ये बसत. इंग्रजी अक्षरं ओळखायला त्यांना दीड वर्ष लागलं. हट्टी इतक्या, की मी मदतीला हात पुढे केला तर चापट मारत. शेवटी हिशेब त्या स्वतः टाइप करू लागल्या, नाना वाचून दाखवायला, तुटक तुटक का होईना.

तेराव्याला मी मेहरूणला गेले तेव्हा माणसं पांगल्यावर नानांनी मला खुणेनं आतल्या खोलीत बोलावलं. त्यांनी डाव्या हाताच्या एका बोटानं संगणकावर काहीतरी शोधलं आणि खुर्ची बाजूला सरकवली. "हे... बघ," म्हणाले.

खर्चाचे कप्पे होते. किराणा, औषधं, वीज. त्यांच्याखाली अक्कांनी स्वतः उघडलेला एक, इंग्रजी अक्षरांत: ANAND. आत ओळीनं नोंदी. पेढे दोन किलो, नाना चालले. एसटीचं तिकीट, धुळे, माझं मी काढलं. चष्मा नवा, आता पडदा दिसतो. मीनाला मुलगी, साखर वाटली. अशा कितीतरी... आणि शेवटची, जाण्याच्या चार दिवस आधीची: भरिताची वांगी दहा किलो, सगळ्यांना बोलावलं.

त्या भरिताला मी होते. मळ्यात वाळक्या काड्यांवर वांगी भाजली होती, अक्कांनी माझ्या ताटात तिसऱ्यांदा वाढलं होतं आणि मी नको नको म्हणत सगळं संपवलं होतं.

नानांनी माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि एकेक शब्द जोर लावून म्हणाले, "हिशेब... बरोबर... लागला."