सोन्याच्या तारेतलं लोखंड

"म्हणजे आमच्या डायला गंज चढलाय, असं म्हणायचंय तुम्हाला?" हरेशकाकांनी विचारलं.

साल २०१६. मी आणि तेजल त्यांच्या डहाणूच्या कारखान्यात उभे होतो. काका दागिन्यांच्या डाय बनवतात. डाय म्हणजे नक्षी कोरलेला पोलादी ठसा. तेजल त्यांची पुतणी, डहाणूजवळच्या चिखले गावची. मुंबईत माझ्या हाताखाली पीएचडी करत होती.

तिचा विषय सोन्याच्या नॅनोवायर, म्हणजे केसाच्या हजाराव्या भागाइतक्या बारीक तारा. तार थंड करत नेली की तिचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, उतरतो आणि मग स्थिरावतो. तेजलच्या तारांत तो उतरला आणि द्रव हेलियमच्या थंडीत पुन्हा चढू लागला. ही लोखंडाची खूण. लोखंडाचा अणू इथे छोट्या चुंबकासारखा वागतो आणि थंडी वाढेल तसा इलेक्ट्रॉनना जास्त अडवतो. दहा लाखांत मोजके अणूही पुरतात.

थीसिसचं एक प्रकरण या 'शुद्ध' सोन्यावर उभं होतं. परीक्षकांनी ते पहिल्याच आलेखावर फेटाळलं असतं. आमची यंत्रं तपासून झाली होती. सोनं चेपून त्याचे तुकडे करायचं काम तेजलने काकांना दिलं होतं; त्या तुकड्यांची वाफ करून आम्ही तारा बनवायचो. तेवढंच उरलं होतं.

"गंज नाही," मी म्हणालो. "चेपताना पोलाद सोन्याला किंचित लागतं. डोळ्यांना दिसत नाही."

"आजवर एका सोनाराची तक्रार नाही."

"दागिना घालून कुणी हेलियममध्ये बसत नाही, काका," तेजल म्हणाली.

"मग तुमचं गिऱ्हाईकच खोडसाळ."

अर्धे तुकडे ॲसिडमध्ये धुतले. ॲसिड वरचं लोखंड खातं, सोन्याला हात लावत नाही. धुतलेल्या सोन्याच्या तारेत रेझिस्टन्स उतरला आणि खालीच राहिला. न धुतलेल्या सोन्याच्या तारेत चढला.

तेजल जुन्या तारा फेकायला निघाली. मी थांबवलं. आम्ही पुन्हा डहाणूला गेलो.

"काका, हे तुकडे एकदाच चेपा. हे पाच वेळा. हे वीस वेळा."

"आधी म्हणता लोखंड लागतं, आता म्हणता अजून लावा. एकदा काय ते ठरवा." पण चेपून दिले.

जितकं जास्त चेपलं, तितका रेझिस्टन्स जास्त चढला. तेजलने ते प्रकरण या लोखंडावरच नव्याने लिहिलं. परीक्षकांनी सर्वांत जास्त प्रश्न त्याच प्रकरणावर विचारले आणि थीसिस मंजूर केला.

तेजलने आभारात काकांचं नाव घातलं होतं. काकांनी ते काढायला लावलं.

"सोनारांनी वाचलं तर माझा धंदा बसेल."

"थीसिस कोण वाचतं, काका?"

"मग लिहिलास कशाला?"

नाव काढलं. लॅबमध्ये सोनं आता कुणीही कापलेलं असो, आधी ॲसिडमध्ये जातं.